साडभाऊंचं हवेतलं खत

आमच्या साडभाऊंइतका हवेवर भरवसा ठेवणारा माणूस मी उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. बाकीचे लोक पावसावर भरवसा ठेवतात, काही सरकारवर ठेवतात, आणि फारच भोळे असले तर जावयावर ठेवतात. साडभाऊंनी तो हवेवर ठेवला होता. त्यांचं म्हणणं ऐकायला अगदी सोपं वाटायचं. पिकाला नत्र लागतं आणि हवेत तर नत्रच नत्र भरलेलं आहे, पण पिकाला ते जसंच्या तसं खाता येत नाही. तुरीच्या आणि भुईमुगाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांत एक जंतू राहतो. त्या जंतूच्या पोटात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि ते हवेतल्या नत्राचा अमोनिया करतं. अमोनिया झाला की खत झालंच. मग कारखान्यांनी एवढी आग पेटवून, एवढं तेल जाळून तेच काम कशाला करायचं? जंतूला बरं घर द्यावं, खाऊपिऊ घालावं आणि खत घ्यावं. एवढं सांगून झालं की साडभाऊ चष्मा काढून पुसायचे आणि जणू खताची पहिली गोणी आता दारात उतरतेच आहे अशा नजरेनं रस्त्याकडे पाहायचे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला नाचणगावात, शेती घरची, आणि नोकरी पुलगावच्या शाळेत, विज्ञानाच्या मास्तरची. त्याच शाळेत मी मराठी शिकवायला होतो. त्यामुळे घरी नात्यानं आणि शाळेत वेळापत्रकानं मी त्यांच्या तावडीत सापडलो होतो. ते मला साडभाऊ म्हणायचे, मीही त्यांना साडभाऊ म्हणायचो. शाळेतले बाकीचे मास्तर दोघांनाही साडभाऊच म्हणू लागले, पण त्यात मान त्यांच्या वाट्याला जायचा आणि थट्टा माझ्या.

सत्तरच्या दशकातले ते दिवस खताच्या टंचाईचे होते. कुठल्यातरी दूरदेशी तेल महागलं आणि आमच्या पुलगावात युरियाच्या दुकानापुढे उजाडायच्या आत रांग लागू लागली. साडभाऊ शाळेत येताना त्या रांगेजवळ हटकून सायकलवरून उतरायचे. "अरे बाप्पा, तुमी ज्याच्यासाठी रांगेत उभे हा ना, ते तुमच्या नाकातून आत-बाहेर करून राह्यलं!" लोक दचकून नाकाला हात लावायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "मंग मास्तर, मी नाक नेऊन वावरात लावू काय?" रांग हसली. साडभाऊ मात्र हसले नाहीत. प्रश्न त्यांना रास्त वाटला होता आणि शाळेपर्यंतच्या सगळ्या वाटेत ते त्याचं उत्तर शोधत राहिले, याला मी साक्षी आहे.

दुसऱ्याच्या वावरात शिरून रोप उपटून पाहणं हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष, किंवा त्यांच्या मते गुण. रस्त्यानं जाता जाता तूर दिसली की साडभाऊ गायब. मुळासकट झाड उपटायचं, गाठ नखानं चिरायची, आतून लालसर गुलाबी निघाली तर डोळे मिटून समाधानाचा श्वास घ्यायचा आणि पांढरी निघाली तर एखाद्याचा दुखवटा पाळावा तसं तोंड करायचं. गुलाबी म्हणजे जंतू कामावर आहे, पांढरी म्हणजे नुसता बसून खातो आहे. त्यांच्या पुतणीसाठी स्थळ पाहायला आम्ही जाम गावाजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. बैठक भरली, पोहे आले, मुलाचे वडील शेताची माहिती सांगू लागले, आणि पाहतो तर मुलीकडचे मुख्य गृहस्थ जागेवर नाहीत. थोड्या वेळानं साडभाऊ चिखलाच्या पायांनी बैठकीत आले. हातात यजमानांच्या तुरीचं झाड होतं, मुळं गालिच्यावर माती सांडत होती. "लाल हाय! बंद्या, एकूनएक गाठी लाल हायत. जमीन जितीजागती हाय. सोयरीक पक्की करा!" मुलाचं शिक्षण काय, स्वभाव कसा, याची चौकशी कोणीच केली नाही. लग्न झालं. आणि ती पुतणी आजही त्या घरात अशी सुखात आहे की पत्रिका पाहून जमवलेल्या आमच्या घरातल्या लग्नांना तिच्याकडे पाहून लाज वाटावी.

घरच्या गोठ्यात भांड्यांमधून खतासाठी पाळलेल्या जंतूंना ते घरच्या माणसांसारखंच वागवायचे. प्रयोगाच्या जागी मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत नसे. पोळ्याला बैलांना ओवाळून झालं, पुरणपोळीचा घास देऊन झाला की साडभाऊ ताट तसंच घेऊन गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि जंतूंच्या भांड्याला हळदकुंकू लावायचे. शेजारचे लोक कुंपणावरून पाहायचे. "बैल दिसते म्हनून त्याची पूजा करता," साडभाऊ त्यांना सुनावायचे. "हे दिसत नाईत म्हनून काय उपाशी ठेवाचे? ह्यायनं बी जू ओढलं हाय." शेजाऱ्यांपैकी एकानं पुढच्या वर्षी लांबूनच हात जोडले. तो साडभाऊंना भ्यायला होता की जंतूंना, हे काही कळलं नाही.

या सगळ्या संसाराची किंमत भांड्यांच्या रूपानं मोजली ती माझ्या मेव्हणीनं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई घरामागच्या मळ्यात वांगी, पालक आणि सांबार लावायची. सांबार म्हणजे पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. पुलगावच्या बाजारात ताईची भाजी आली की दुसऱ्यांच्या टोपल्यांकडे लोक पाठ फिरवायचे. बाजारातून परत आली की घरातलं एक भांडं जंतूंकडे गेलेलं असायचं. आधी कढई गेली, मग दुधाचा गंज गेला, आणि शेवटी तिच्या माहेरचा पितळी गुंड गेला. पाणी भरायचा तो मोठ्या पोटाचा गुंड तिच्या आईनं तिला लग्नात दिला होता. ताई भांडली नाही. पण भांड्यांच्या मागोमाग साडभाऊंनी अर्ध्या गोठ्याचा ताबा घेतला तेव्हा मात्र तिनं पदर खोचला. तिला म्हैस आणायची होती. मळ्याला शेणखत पाहिजे, नातवंडांना दूध पाहिजे, आणि तिच्या भावानं आपल्या गोठ्यातली एक म्हैस तिच्यासाठी राखून ठेवली होती. म्हैस बांधायला जागा तेवढी नव्हती. तिथे जंतू राहत होते.

शेवटी आम्हां सगळ्यांच्या देखत ठरलं. ताई म्हणाली, "या खेपेले तुमच्या गुंडातून खताचा वास आला, त गोठा जन्मभर तुमचा. मी म्हशीचं नाव काढनार नाई. नाई आला, त रिकामा करून द्याचा." साडभाऊ तत्काळ "मंजूर" म्हणाले. एवढ्या उत्साहानं पैज लावणारा माणूस हरणारच, असं मला वाटलं. पण गोठा गेला तर या माणसाचं काय होईल, हा विचार मनात आला आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. शाळेत त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, रांगेतले लोक हसत होते. त्यांचं म्हणणं मान हलवत ऐकून घेणारी जागा जगात ती एकच होती.

कामातली अडचण त्यांनी मला पुष्कळदा समजावून सांगितली होती. ते विकर हवेतलं नत्र घेतं, पण त्याला हवा सोसत नाही. हवेतला प्राणवायू लागला की ते मरतं. "म्हणजे सासरच्या धान्यावर जगायचं पण सासरच्या माणसांचं तोंड पाहायचं नाही," असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "बरोबर! तुमाले समजलं!" त्यासाठी त्यांनी स्वतःची रीत काढली होती. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी खलबत्त्यात कुटायच्या, गुळाच्या पाण्यात घालून गुंडात सोडायच्या, आत तरंगता दिवा ठेवून तोंडावर झाकण बसवायचं. दिवा विझला की आतला प्राणवायू संपला असं समजायचं. मग फटीत चुना आणि गूळ कालवून भरायचा. जुन्या बांधकामात वापरतात तसा, हवा जाऊ नये म्हणून. आणि एक सक्त ताकीद होती. गुंड राखेनं किंवा चिंचेनं घासायचा नाही. घासला की जंतूंना बाधतं.

ठरलेल्या रविवारी मी आणि माझी बायको नाचणगावला पोचलो, तेव्हा ताईचा भाऊ आधीच आला होता. अंगणातल्या लिंबाला म्हैस बांधलेली होती. निकालाआधीच ती आणण्यात थोडा उद्धटपणा होता, पण म्हशीच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसत नव्हतं. साडभाऊ अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून गोठ्यात गेले. गुंड उजेडात आणला. चुन्याचा थर विळ्यानं खरवडला, झाकण किंचित सरकवलं आणि नाक खाली नेलं.

ते एकदम मागे झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आधी मला वाटलं, आनंदानं. मग मीही वाकलो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. अमोनिया होता. नाकाला झिणझिण्या आणणारा, शंकेला जागा न ठेवणारा. साडभाऊंनी खिशातून शाळेचा लाल लिटमस काढला, ओला करून तोंडाशी धरला, आणि तो पाहता पाहता निळा झाला. "झालं," ते म्हणाले. "साडभाऊ, झालं हो." ताईच्या भावानं म्हशीचं दावं सोडलं आणि तिला परत आपल्या गावाकडे वळवलं. ताई म्हशीकडे पाहत राहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन साखर घेऊन आली. साखर तिनं आधी त्यांच्या हातावर ठेवली.

पुढचे काही दिवस नाचणगावात दुसरा विषय नव्हता. लोक बाटल्या घेऊन आले. युरियाच्या रांगेतला तो म्हातारा नाकाला रुमाल बांधून आला, आणि त्याला वास दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मास्तर, माफी द्या." साडभाऊ शाळेत बोलायचे ते हळू, समजूतदारपणे, जिंकलेल्या माणसाच्या उदारपणानं. मला तर ते एकदा म्हणाले की मराठी हाही चांगला विषय आहे.

त्यानंतर नववीच्या वर्गात अमोनियाचा धडा आला. त्यांच्या आणि माझ्या वर्गांच्या मध्ये एक अर्धवट भिंत होती, त्यामुळे माझी मुलं कविता ऐकता ऐकता रसायनशास्त्रही शिकायची. तो प्रयोग साडभाऊ दरवर्षी करायचे आणि तो मला तोंडपाठ होता. नवसागर घ्यायचा, त्यात चुना मिसळायचा, परीक्षानळीत तापवायचा, तोंडाशी ओला लाल लिटमस धरायचा, की तो निळा. "नवसागर आन चुना," भिंतीपलीकडून आवाज आला, "हे दोन एकत्र आले का..." आणि आवाज थांबला. थोड्या वेळानं साडभाऊ माझ्या वर्गाच्या दारात उभे होते, हातात गरम परीक्षानळी.

"साडभाऊ, जरा वास घ्या."

मी घेतला. "हा तर तुमच्या गुंडातला वास."

"नाई," ते म्हणाले. "गुंडात हा होता."

चुना गुंडात होताच, झाकणाच्या फटीतून आत गळालेला. प्रश्न होता तो नवसागराचा. मधली सुटी होताच आम्ही सायकलवर नाचणगावला निघालो, ते पुढे, मी मागच्या कॅरिअरवर. वाटेत दोन्ही बाजूंना तूर उभी होती, पण त्यांनी मान वळवली नाही, यावरून काय ते मी समजलो.

ताई विहिरीवर पालक धूत होती. "काऊन वो," त्यांनी विचारलं, "गुंडाले कल्हई केलती काय तू?"

"केलती ना!" ताईचा चेहरा खुलला. "तुमीच म्हनत होते, पितळाले आतून हिरवं चढलं का तुमचे जंतू मरते म्हून. कल्हईवाला दारावर आला, त म्हतलं करून घेऊ. तुमाले सांगतलं नाई, म्हतलं काम झाल्यावर सांगन."

"आन मंग घासला नाई?"

"कसा घासन? तुमचीच ताकीद होती ना."

कल्हईवाला भांडं तापवून आत नवसागर टाकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भांडं घासलं नाही तर त्याची पांढरी भुकटी आत राहते, हेही माहीत आहे; अरुंद तोंडाच्या गुंडात, गोठ्याच्या अंधारात ती साडभाऊंना दिसली नव्हती एवढंच. वीस वर्षं नववीला नवसागर आणि चुना शिकवणाऱ्या माणसाच्या गुंडात तोच नवसागर आणि तोच चुना शेजारी शेजारी बसले होते, आणि दोघांची गाठ घालून दिली होती ती त्याच्याच ताकिदीनं आणि बायकोच्या मायेनं. ताई ओल्या हातांनी उभी होती, शाबासकीची वाट पाहत. आपली पैज आपणच हरावी म्हणून तिनं नवऱ्याचं भांडं लख्ख करून ठेवलं होतं. साडभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "चांगली केली," आणि भिंतीवरचं दावं घेऊन बाहेर पडले.

ते पायीच मेव्हण्याच्या गावी गेले आणि म्हैस घेऊन आले. डोक्यावर टोपी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दावं, अशी विज्ञानाच्या मास्तरची ती वरात नाचणगावच्या वेशीतून आत शिरली. समोर येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून सांगत होते, "ते माह्यं खत खोटं होतं. जंतूयनं काई नाई केलं. ते नवसागर होतं." लोकांना यातलं एवढंच समजलं की मास्तरनं खताचं गुपित फोडलं. दुसऱ्या दिवशी पुलगावच्या किराणा दुकानांत नवसागर मिळेना, आणि कल्हईवाले साडभाऊंना शिव्या देत हिंडू लागले. खोटं लोकांनी एका वासावर पत्करलं होतं. खरं पटवता पटवता साडभाऊंचं सबंध वर्ष गेलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी अंगणात माणसं जमली होती आणि कोणीतरी विचारलं, "पन मास्तर, गुंडात नवसागर टाकला कोनं?" ताई दारात उभी होती. साडभाऊ क्षणभर म्हशीची पाठ थोपटत राहिले. "मीच," ते म्हणाले. "मीच कल्हई करून आनलती, आन मीच इसरलो. डोकं ठिकानावर नाई राह्यत माह्यं." लोक हसले. ज्या माणसानं आपल्या यशाचं खोटं घटकाभरही खपवून घेतलं नव्हतं, त्यानं माझ्यासमोर बोललेलं खोटं एवढंच. ताईनं ते ऐकलं. मला त्या वेळी साडभाऊंचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही.

पैजेप्रमाणे साडभाऊंनी गोठा रिकामा करायला घेतला. खलबत्ता बाहेर आला, गुंड बाहेर आला. तेवढ्यात ताईनं म्हैस आत नेली आणि गोठ्याच्या मधोमध खुंटी ठोकून अलीकडच्या बाजूला बांधली. "एका म्हशीले कायले पायजे एवढी जागा?" ती म्हणाली. "पलीकडं ठेवा तुमचं." आणि स्वयंपाकघरातली लोणच्याची मोठी चिनीमातीची बरणी तिनं घासून, पुसून त्यांच्यापुढे ठेवली. "हिले कल्हई लागत नाई." त्या वर्षी आमच्याकडे ताईचं कैरीचं लोणचं आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

म्हशीमुळे एक नवीनच पंचाईत झाली. आता गोठ्यात अमोनियाला तोटा नव्हता. रोज सकाळी म्हैसच इतका अमोनिया करून ठेवायची की वासावरून जंतूंची परीक्षा घेण्याची सोय राहिली नाही. म्हणून बरणी उघडायची ती ओट्यावर आणून, असा नियम झाला. दरवर्षी भुईमूग निघाला की बरणी भरायची, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी ओट्यावर उघडायची. वर्षं गेली, खताच्या रांगा संपल्या, दुकानांत गोण्या थप्पीनं लागल्या, साडभाऊ निवृत्त झाले. आता त्यांच्यावर कोणी हसत नव्हतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

परवा दुपारी मी सहज नाचणगावला गेलो होतो. साडभाऊ आत झोपले होते. अलीकडे त्यांचा दम लवकर जातो, जेवल्यावर आडवं व्हावं लागतं. ओट्यावर बरणी होती, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला, वरून मेणाचा थर. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, उद्या सकाळी उघडनार हायत. तुमी आधी वास घेऊन पाहा ना जरा. मले नीट नाई समजत." तिनं स्वतःच चाकूनं मेण एका बाजूनं सैल केलं.

मी वाकलो. गुळाचा आंबूस वास होता, ओल्या मातीचा होता, भुईमुगाचा होता. दुसरा कुठला नव्हता. मी पुन्हा वाकलो, कारण ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही येत, ताई."

"मले बी नाई आला," ती म्हणाली. मग दिव्यावर मेण पातळ करून तिनं फट पुन्हा नीट बुजवली, बोटानं गुळगुळीत केली, आणि आतल्या दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"पन त्यायले सांगू नोका," ती म्हणाली. "त्यायचा उद्याचा दिवस हाय."